इंटरनेटवरील नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संस्था निवेदने काढण्यापलीकडे काही करतात का?

आपण विचारले आहे, की इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्था समाजमाध्यमांवर निषेध नोंदवण्यापलीकडे प्रत्यक्ष काय काम करतात आणि त्यांना देणगी देण्यात अर्थ आहे का. मी जिल्हा आणि तालुका न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. या संस्थेशी माझा संबंध वाचक आणि किरकोळ देणगीदार एवढाच आहे, हे आधीच सांगतो. माझ्या मते अशा संस्थांचे बातम्यांत येणारे काम, म्हणजे मोठा खटला जिंकणे, हे निम्मेच असते. निकाल लागल्यानंतर तो खालपर्यंत पोहोचवण्याचे उरलेले काम जास्त चिकाटीचे आहे, आणि ते करायला फारसे कोणी पुढे येत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चे उदाहरण घेऊ. इंटरनेटवरून आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकूर पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. पण ‘आक्षेपार्ह’ कशाला म्हणायचे, हे ठरवणे फौजदाराच्या मर्जीवर सोडलेले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली, तेव्हा हे कलम महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाले. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) सारख्या नागरी हक्क संघटनाही उतरल्या, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले.

त्यानंतर हे कलम कुठेच लागू व्हायला नको होते, पण गुन्हे दाखल होतच राहिले. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरील एका संदेशावरून भारतीय दंड संहितेच्या दोन कलमांसोबत ६६अ लावलेले होते. दोषारोपपत्र जुन्याच नमुन्यावर टंकलेले होते, आरोपीचा मोबाइल सीलबंद पाकिटात मुद्देमालात जमा होता, आणि आपल्यावरील एक कलम कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती. निकालपत्राची प्रत जोडून अर्ज दिल्यावर ते कलम वगळले गेले, पण त्याआधी कित्येक तारखा पडून गेल्या होत्या. यात कोणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. रद्द झालेले कलम ठाण्यातल्या नमुन्यातून काढून टाकणे हे कोणाचेच काम नव्हते, इतकेच.

ही गोष्ट एकट्यादुकट्या ठाण्यापुरती नाही, देशभराची आहे, हे पुराव्यानिशी मांडण्याचे काम या संस्थेने केले. संस्थेचे एक संस्थापक अपार गुप्ता आणि वकील अभिनव सेखरी यांनी २०१८ मध्ये या मेलेल्या कलमाच्या वापरावर शोधनिबंध लिहिला. पीयूसीएलने त्याच विषयावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती उच्च न्यायालये, मुख्य सचिव आणि पोलीस महासंचालकांपर्यंत पोहोचवण्याचा आदेश दिला. त्यानेही फरक पडेना, तेव्हा इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने आकडेवारीचे काम करणाऱ्या सिव्हिक डेटा लॅब्जच्या साह्याने जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळांवरील नोंदी उपसून ११ राज्यांतील खटल्यांची मोजणी केली. मार्च २०२१ मध्ये ७४५ खटले चालू होते. निकालानंतर दाखल झालेल्या १,३०७ प्रकरणांपैकी सर्वाधिक, म्हणजे ३८१, आपल्या महाराष्ट्रातील होती. हे आकडे पीयूसीएलच्या अर्जासोबत जुलै २०२१ मध्ये ज्या खंडपीठापुढे आले, त्याचे अध्यक्ष न्या. नरिमनच होते. स्वतः सहा वर्षांपूर्वी रद्द केलेल्या कलमाखाली लोक अजून न्यायालयात खेटे घालत आहेत, हे ऐकून त्यांनी धक्का बसल्याचे बोलून दाखवले. महान्यायवादी वेणुगोपाल यांनी तेव्हा दिलेले कारण मला फार बोलके वाटते: कायद्याच्या छापील पुस्तकांत ६६अ मूळ मजकुरात तसेच असते आणि ते रद्द झाल्याचे फक्त तळटीपेत लिहिलेले असते, ती कोणी वाचत नाही. पुढे १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे स्पष्ट निर्देश दिले. कलम रद्द होण्यापासून इथवर यायला साडेसात वर्षे लागली, आणि त्यातला बराचसा काळ नोंदी जमवण्यात आणि स्मरणपत्रे लिहिण्यात गेला.

संस्थेचा जन्म मात्र न्यायालयात झालेला नाही. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, काढलेला किचकट सल्लामसलत-मसुदा काही स्वयंसेवकांनी सोप्या भाषेत समजावून सांगितला, आणि इंटरनेटवर सर्व सेवांना समान वागणूक मिळावी असे सांगणारे दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले. (ट्रायने ते सगळे, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह, संकेतस्थळावर टाकून दिले, खासगीपणाची चळवळ का हवी, हे यापेक्षा चांगले कोण सांगणार?) ८ फेब्रुवारी २०१६ रोजी वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगळे दर आकारण्यावर बंदी आली, ठरावीकच संकेतस्थळे फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतातून गुंडाळली गेली, आणि त्याच वर्षी त्या स्वयंसेवकांतील काहींनी ही संस्था उभी केली.

संकेतस्थळे बंद करण्याच्या आदेशांबाबतही असेच चिवट काम चालते. तनुल ठाकूर या पत्रकाराने हुंड्याची टर उडवणारे एक संकेतस्थळ २०११ मध्ये तयार केले होते, ज्यात नवऱ्या मुलाची माहिती भरली की त्याचा ‘भाव’ निघत असे. २०१८ मध्ये ते बंद करण्यात आले. लेखकाला ना नोटीस मिळाली, ना आदेशाची प्रत. माहिती मागितल्यावर गोपनीयतेच्या नियमाकडे बोट दाखवण्यात आले. संस्थेच्या कायदेशीर मदतीने हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना आदेशाची प्रत देण्याचे व त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे निर्देश दिले. एका उपहासाच्या संकेतस्थळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मात्र ज्याचे लेखन बंद केले त्याला निदान कारण कळले पाहिजे, हे तत्त्व अशा लहान प्रकरणांतूनच पदरात पडते.

इंटरनेट बंदीच्या बाबतीत यश अर्धेमुर्धेच आहे, हेही सांगायला हवे. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, पण काश्मीरमधील बंद असलेली इंटरनेट सेवा त्या दिवशी सुरू झाली नाही. तिथे फोरजी परत मिळावे यासाठीच्या फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्स या पत्रकारांच्या संस्थेच्या याचिकेला या संस्थेचे वकील मदत करत होते, तरीही तिथे फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद दूरसंचार खाते ठेवत नाही आणि गृह मंत्रालयही ठेवत नाही, असे संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नमूद केले आहे. ती मोजदाद एसएफएलसी डॉट इन ही दिल्लीचीच दुसरी संस्था करत आली आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइल इंटरनेट बंद झाले, तेव्हा भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे यूपीआय ठप्प होणे ओघानेच आले. अशा वेळी तो आदेश कोणी, कोणत्या कारणासाठी काढला, हे नागरिकाला जागच्या जागी वाचता यायला हवे.

मुंबई उच्च न्यायालयाचा या क्षेत्रातला वाटा मोठा आहे. निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ हे संकेतस्थळ यांच्या याचिकांवर त्याने ऑगस्ट २०२१ मध्ये डिजिटल माध्यमांवर आचारसंहिता लादणाऱ्या नियमाच्या काही भागाला स्थगिती दिली. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांच्या याचिकांवर केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार देणारा ‘फॅक्ट चेक युनिट’चा नियम आधी दोन न्यायमूर्तींच्या मतभेदात अडकला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर रद्द ठरला.

माझी तक्रारही नोंदवतो. या संस्थांचे जवळजवळ सगळे साहित्य इंग्रजीत आहे आणि त्यांचे लक्ष दिल्लीकडे लागलेले असते. ६६अ लावणारा हवालदार आणि ते निमूट सोसणारा आरोपी, दोघेही तालुक्याला राहतात. त्यांच्या हातात मराठीतले दोन पानी टिपण पडले असते, तर कदाचित ३८१ चा आकडा इतका फुगला नसता. दुसरे असे, की आपले बँक खाते किंवा फेसबुक कोणी हॅक केले तर ही संस्था उपयोगाची नाही. त्यासाठी सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींचा १९३० हा क्रमांक आहे.

देणगीचे म्हणाल तर, न्यायालयात चार वर्षे रेंगाळणाऱ्या प्रकरणांना एकरकमी मोठ्या रकमेपेक्षा दरमहा येणाऱ्या लहान रकमेचा आधार जास्त असतो, म्हणून जमत असेल तर तसे द्यावे. द्यायच्या आधी संस्थेचा जमाखर्च मागून पाहावा. पैसे द्यायचे नसतील, तर आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झाल्यावर गृह विभागाकडे आदेशाची आणि तो आदेश तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीच्या इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागावी. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, आणि महाराष्ट्रातील नियमानुसार अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच बंदीबाबत असल्याचे पहिल्याच ओळीत लिहावे. उत्तर आले किंवा नकार आला, तरी त्याची प्रत या संस्थांना पाठवावी. असे कागद त्यांना खालून फारसे मिळत नाहीत.