वाचक विचारतात: संगणक सुरू व्हायला बारा मिनिटं

प्रश्न: मी घरीच लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची निमंत्रणं जुळवून देते. संगणक २०१४ सालचा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून कोरल ड्रॉ उघडेपर्यंत दहा-बारा मिनिटं सहज जातात. कंपनीचं नाव लगेच येतं, मग ठिपक्यांचं गोल फिरत राहतं. डेस्कटॉप दिसला तरी क्लिक केल्यावर काही हलत नाही. रीस्टार्ट केला तर आणखीच वेळ लागतो. अलीकडे मधूनच आतून टक-टक असा बारीक आवाजही येतो. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारू (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू), नाहीतर नवीनच घ्या. पण माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालतं आणि त्याची सीडी आता सापडत नाही. काय करू?
– एक वाचिका, चिपळूण

उत्तर: ताई, फॉरमॅट आत्ता अजिबात मारू देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते टक-टक आवाजाचं. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून वाचणारा हात पुढेमागे सरकतो. तबकडीवरचा एखादा भाग खराब झाला की तो हात तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघतो आणि तेवढा वेळ विंडोज नुसतं थांबून राहतं. म्हणजे तुमच्याकडे संगणक हळू चालतोय एवढंच नसावं, डिस्क जायच्या वाटेवर असावी. अशा डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली जुळवणं) किंवा चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधणं) चालवणं म्हणजे आजारी माणसाला डोंगर चढायला लावणं. त्या नादात डिस्क कायमची बसते आणि ग्राहकांच्या पत्रिका तिच्याबरोबर जातात.

तेव्हा आजच बाहेरची एक यूएसबी डिस्क लावा आणि तुमच्या हातची कामं आधी उतरवा: कोरलच्या फाइली, ग्राहकांचे फोटो, फॉन्टचं पूर्ण फोल्डर. गाणी-सिनेमे राहू द्या, ते परत मिळतात. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढची घ्या, तिच्यापाशी हट्ट धरू नका.

कॉपी झाली की मग तपासा. क्रिस्टल डिस्क इन्फो हा छोटा प्रोग्राम फुकट मिळतो. उघडल्यावर वर निळा किंवा हिरवा ‘गुड’ दिसतो, नाहीतर पिवळा ‘कॉशन’. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. पहिली, डिस्कने बाद करून बदललेल्या जागा सांगते; दुसरी, वाचता न आल्यामुळे निकाल लागायच्या राहिलेल्या जागा. या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही असेल आणि ते वाढत असेल, तर त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकण्यात काही अर्थ नाही. दुरुस्तीवाल्यांनी फॉरमॅट मारला असता तर चार दिवस बरं वाटलं असतं, डोंगलचं सॉफ्टवेअर उडालं असतं आणि लगीनसराईत तुम्ही पुन्हा तिथेच आला असता.

आता उपाय. कंपनीचं नाव लगेच येतं, म्हणजे मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आणि प्रोसेसर आपलं काम वेळेत करतायत. वेळ जातो तो त्यानंतर, विंडोज डिस्कवरून वाचायला लागल्यावर. तुमच्यासारखी डेस्कटॉपची डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. एक बारीक फाइल शोधायला हात सरकणं आणि तबकडी खाली येणं धरून सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशीएक वाचनं. विंडोज सुरू होताना अशी हजारो बारीक वाचनं असतात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नाही, तिथे हेच वाचन एका मिलिसेकंदाच्याही अंशात होतं. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या संगणकालाही एसएसडी लावली की तो मिनिटभराच्या आत कामाला लागतो. हे मी दुकानाच्या टेबलावर रोज बघतो. चालणारं यंत्र केवळ डिस्कपायी भंगारात निघालं की मला मनापासून वाईट वाटतं.

साटा प्रकारची (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत), अडीच इंची एसएसडी घ्या. जुनी डिस्क अजून वाचता येत असेल तर नव्याने विंडोज न टाकता तिचा क्लोन करून मागा. क्लोन म्हणजे विंडोज, कोरल, फॉन्टचं सॉफ्टवेअर, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर. डोंगल आहे तिथेच लावलेलं राहील, सीडी शोधायला नको. एवढंच बघा की जुन्या डिस्कवरचा भरलेला भाग नव्या एसएसडीत मावला पाहिजे. जोडताना मदरबोर्डवर ‘साटा ६जी’ लिहिलेलं पोर्ट असेल तर तेच वापरायला सांगा. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका, कपाटात ठेवा.

रॅमही ४ ची ८ करून घ्या. तुमच्या संगणकाला डीडीआर३ लागते. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या पिवळ्या पट्ट्या काळवंडतात. रॅम काढलीच आहे तर त्या पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवून घ्यावं.

पत्रिकावाल्यांची आणखी एक खोड मला माहीत आहे: मिळेल तो फॉन्ट टाकून ठेवायचा. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये दीड-दोन हजार फॉन्ट असले की सुरुवातही रेंगाळते आणि कोरल तर फारच. जे वर्षभरात लागले नाहीत ते दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून तिथून काढा. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट मात्र हलवू नका.

रीस्टार्टला जास्त वेळ का, तर विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ पूर्ण बंद करत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून. त्यात बिघाड नाही.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा हा संगणक पत्रिकांसाठी ठेवा. बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

प्रश्न: रोज सकाळी संगणक काळ्या पडद्यावर अडतो आणि ‘एफ-१ दाबा’ म्हणतो. तारीख मागच्याच कुठल्यातरी वर्षाची दिसते, बँकेची साइटही धोक्याची सूचना देते. रात्री भिंतीवरचं बटण आम्ही बंद करतो. – एक वाचक, लातूर

उत्तर: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर२०३२ असं त्याचं नाव, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मुख्य वीज बंद असताना घड्याळ आणि सेटिंग हाच सेल सांभाळतो. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र जुळत नाही, म्हणून ती सूचना.

सेल काढण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः साटाची सेटिंग कोणती आहे ते, आयडीई की एएचसीआय. सेल बदलल्यावर ती आपोआप बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडतं आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. फोटो बघून सेटिंग पूर्ववत करा, तारीख घाला, आणि सुरू होण्याच्या क्रमात सीडी व नेटवर्कच्या आधी हार्ड डिस्क आणा.