दगड धुवा, घासू नका

पत्रात चार प्रश्न आहेत. तीन मी भराभर उरकणार आहे, कारण चौथा वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

“ताई, आईच्या कबरीवरचा संगमरवर हिरवा-काळा पडलाय. पुढच्या महिन्यात तिकडून, भारतातून, दादा पहिल्यांदाच येतोय. म्हणेल, इतकी जवळ राहून हिला एक दगड स्वच्छ ठेवता येत नाही. शनिवारी व्हिनेगर आणि तारेची घासणी घेऊन जायचं ठरवलंय.”

शनिवारी जरूर जा. व्हिनेगर आणि घासणी मात्र घरी ठेवा.

तिकडून येणाऱ्या माणसाच्या नजरेची धास्ती आपल्या सगळ्यांनाच असते, मलाही आहे. पण खरं सांगा, हा दगड आईसाठी घासायचाय की दादासाठी? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच्याच घराण्यातला. त्यावर आम्ल पडलं की फसफसतं. आपल्याला वाटतं, मळ सुटतोय. सुटत असतो तो दगड.

आमच्या सासऱ्यांनी नेमका हाच पराक्रम केला. सासूबाईंचं नाव त्यांनी हौसेने देवनागरीत कोरून घेतलं होतं. इथल्या कारागिराला लिपी येईना, म्हणून स्वतः कागदावर अक्षरं मोठी गिरवून दिली. आणि दुसऱ्या वर्षी त्याच दगडावर बाथरूमचं ॲसिड ओतलं! दोन तासांत दगड पांढराशुभ्र, घरोघरी फोटो रवाना. पुढे दोन हिवाळे गेल्यावर मी हात फिरवला, तर पॉलिश उडालेलं आणि बोटाला साखरेसारखे कण लागले. खरखरीत दगडावर शेवाळ तर आधीपेक्षा लवकर धरलं. सगळ्यात आधी गेला नावातला अनुस्वार. आता टॉर्च बाजूने तिरपा धरला तरच तो पुसटसा दिसतो.

तेव्हा ऐका. आधी दफनभूमीच्या कार्यालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी दगडाला हात लावायलाही परवानगी लागते. मग दगड डुगडुगत नाही ना ते बघा. उभे दगड अंगावर पडून माणसं दगावली आहेत, त्यामुळे हलत असेल तर लांबूनच नमस्कार. भरपूर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, एवढंच सामान. दगड पूर्ण भिजवा आणि खालून वर धुवत जा. वरून सुरुवात केलीत, तर मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळून रेघा उठतात. शेवाळ फुगलं की लाकडी काडीने अलगद सोडवा, सुटणार नाही ते राहू द्या. सोनेरी किंवा रंग भरलेली अक्षरं असतील तर त्यांच्यावर ब्रश नको. ब्लीचही नको, कारण त्याचे क्षार दगडाच्या छिद्रांत मुरतात आणि वाळताना पापुद्रे काढतात. प्रेशर वॉशरचं तर नावच काढू नका. रात्री गोठणारी थंडी असेल तर धुणं पुढे ढकला. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि ते दगडाच्या आत फुगलं की दगड तडकतो. ग्रॅनाइट असता तर मी एवढी ओरडले नसते, पण तारेची घासणी तिथेही नकोच.

दगडासाठीची शेवाळनाशकं मिळतात. ती फवारून सोडून द्यायची असतात, रंग आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उजळतो. दादाच्या विमानाआधी चमत्कार होणार नाही. थोडा हिरवा दिसला तर दिसू दे. फारच बोलला, तर बादली त्याच्या हातात द्या.

आता उरलेलं. “आम्ही ठेवलेली प्लास्टिकची फुलं कार्यालयाने परस्पर फेकली.” अहो, ती गवत कापायच्या यंत्रात अडकतात. फाटकावरच्या पाटीवर नियम आणि साफसफाईच्या तारखा असतात, त्या वाचा. काचेची बरणीही ठेवू नका. मुलं यायला कुरकुर करतात? नुसतं हात जोडून उभं राहायला कोण येईल! पाणी आणायचं काम त्यांना द्या. आमची याच आमिषाला भुलली.

जागेच्या मुदतीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते मात्र हसण्यावारी नेऊ नका. अनेक देशांत जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते आणि नूतनीकरणाचं पत्र नोंदवलेल्या पत्त्यावर जातं. तुम्ही मध्यंतरी दोनदा घर बदललंत म्हणता. कार्यालयाला कळवलंत का? नसेल तर शनिवारी आधी ते, बादली नंतर.