पुणे–नागपूर: अंतर भागिले वेग एवढ्यावर थांबू नका

भाऊ, अंतराला वेगाने भागून पुणे–नागपूर विमानाला लागणारा वेळ काढलात आणि तो तिकिटावरच्या वेळेशी का जुळत नाही असं विचारलंत. तुमचा हिशेब चुकला नाही, अर्धवट राहिला. पुणे–नागपूर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या पुढे जातं, पण लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा) हवाई अंतर साधारण 605 किलोमीटर, म्हणजे सव्वातीनशे नॉटिकल मैलांच्या आसपास. (नॉटिकल मैल हे विमानांचं अंतर मोजायचं माप, एक मैल 1.852 किलोमीटरचा. इथे नवखे हमखास गडबडतात, मीही गडबडलो होतो.)

आता किलोमीटरना ताशी 800 किलोमीटरने भागलंत तर पाऊण तास येतो. मग तिकिटावर जवळपास दीड तास का? कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतची रांगत चाल, चढण, उतरण, वळसे सगळं आलं. शिवाय लोहगाव हवाई दलाचा तळ, तिथे थांबावं लागू शकतं. छोट्या पल्ल्यात पूर्ण वेग मिळतोच किती वेळ? एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ताशी पाचशे किलोमीटरच धरा.

आणि हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात. नागपूरला जाताना ढकलतात, परतताना अडवतात. म्हणून दोन्ही दिशांचा वेळ वेगवेगळा मांडा.