मनीसाठी दाराला झडप बसवताना

अगं, मांजराच्या झडपेच्या पाकिटावरच्या 'स्मॉल-मीडियम'वर जाऊ नकोस. मनीच्या अंगाची सगळ्यात जास्त रुंदी मोज, वर दोन इंच धर. झडपेची खालची कड तिच्या पोटाच्या रेषेत हवी. म्हातारपणी उंच ओलांडणं जमत नाही.

सुताराला आधीच सांग, फ्लश डोअर (सपाट प्लायचं दार) आतून पोकळ निघालं तर कापलेल्या भोकाच्या चारही बाजूंनी लाकडी पट्टी भर, नाहीतर स्क्रू धरत नाहीत. कापलेल्या कडेला प्रायमर लावून घेच. मी लावला नव्हता. पहिल्याच पावसात कड फुगली, झडप अडकली आणि आमची मांजर रात्रभर बाहेर भिजत ओरडत राहिली. अजून जीव तुटतो.

पहिला आठवडा झडप टेपने वर चिकटवून ठेव, पलीकडे थोडी सुकट. अंधार पडला की आतून खिट्टी लाव. त्याच वाटेने साप-उंदीरही येतात.