४३ लाखांवर सही करण्याआधी

प्रश्न : माझे पती (वय ३८) कुंडईच्या कारखान्यात कायम नोकरीला होते, पगार ३०,०००. मालट्रकच्या धडकेत गेले. मागे मी, दोन लहान मुलं, सासूबाई. दावा दाखल आहे. विमा कंपनी लोकअदालतीत ४३ लाखांवर मिटवूया म्हणते. वकील म्हणतात थांबा, मानसिक धक्क्याचे २० लाख वेगळे काढू. काय करू? (फोंडा)

उत्तर : ताई, आत्ता सही नको. पण कारण वकील सांगतात ते नव्हे.

दुःखाची भरपाई मोटार अपघात दाव्यात जवळपास ठरलेली असते. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाने (२०१७) सहवास गमावल्याचे ४०,००० आणि अंत्यविधी व मृताच्या मिळकतीचं (इस्टेटीचं) नुकसान यांचे प्रत्येकी १५,००० ठरवले; दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. २०२३च्या वाढीनंतर सहवासाचे ४८,४००, तेही चौघांना वेगवेगळे : १,९३,६००. बाकीचे दोन मिळून ३६,३००. माया-प्रेमाचं स्वतंत्र कलम सतिंदर कौर निकालानंतर (२०२०) उरलेलं नाही. २० लाख विसरा.

खरी मेख पगारात आहे. वर्षाचे ३,६०,०००, त्यातून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २,७०,०००. ही रक्कम वयानुसार ठरलेल्या आकड्याने (गुणकाने) गुणतात; ३८ वयाला तो १५, म्हणून ४०,५०,०००. वरची कलमं मिळवा : ४२,७९,९००. कंपनीचे ४३ लाख इथून आलेत! चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या पगारात पुढच्या बढतीपोटी ५० टक्के धरायचे असतात, ते सोयीस्करपणे गाळलेत. ते धरले की ६३,०४,९०० होतात. शिवाय दावा दाखल केल्यापासूनचं व्याज.

कंपनी ‘ते कंत्राटी होते’ म्हणेल. तसं ठरलं तर ४० टक्केच, म्हणजे सुमारे ५९ लाख. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आत्ताच गोळा करा. एलआयसी मिळाली असली तरी ती यातून वजा होत नाही.

धोका एकच, पण मोठा. पतींचीही चूक होती असं ठरलं आणि ट्रायब्युनलने (तुमचा दावा चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) २५ टक्के कापले, तर ६३चे ४७ लाख होतात. आरोपपत्र आणि पंचनाम्यात सगळा दोष ट्रकचालकावर आहे का, हे वकिलांकडून वाचून घ्या. असेल तर ५८ लाखांखाली तडजोड नको. नसेल तर ५० लाखांच्या आसपास मिटवणंही शहाणपणाचं. लोकअदालतीत एकदा सही झाली की अपिलाची वाट बंद. ट्रायब्युनलच्या निकालावर मात्र ९० दिवसांत पर्वरीला हायकोर्टात जाता येतं.

मुलांचा वाटा बहुधा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत अडकेल. त्याचं व्याज दरमहा तुमच्या खात्यात यावं, हे आदेशातच लिहून मागा.