जळाऊ लाकूड वाहण्यासाठी वडिलांचा जुना ट्रॅक्टर ठेवावा की नवा घ्यावा?

आपण लिहिले आहे की वडिलांचा २५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर घरी उभा आहे, डोंगरकडेच्या रानातून वर्षाला पंधरा-वीस खेपा जळाऊ लाकडाच्या होतात, आणि विक्रेता जुना बदल्यात घेऊन ५० अश्वशक्तीचा नवा द्यायला तयार आहे. जुना देऊ नका. इतके सरळ सांगण्याचे कारण असे की जवळजवळ हाच व्यवहार आमच्या घरात झाला आणि त्यावरून माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे आजतागायत एकमत झालेले नाही.

आमची जमीन आजरा तालुक्याच्या पश्चिमेकडे आहे. भात-नाचणी सोडून जो चढाचा माळ उरतो, त्यावर नीलगिरी आणि आकेशिया लावलेला आहे. मे महिन्यात तोड करायची, पावसाळ्यापुरते घरचे जळण पडवीत रचायचे आणि उरलेले लाकूड वीटभट्टीला वजनावर घालायचे, असा आमचा क्रम आहे. वडिलांनी १९८३ साली यासाठी आणि शेतीसाठी एच.एम.टी. २५११ जुना विकत घेतला. हा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर झेक झेटर कंपनीच्या तंत्रावर हरियाणातील पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून तयार होत असे. पिंजोरचा हा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला आणि नेमक्या त्याच वर्षी भावाने ५० अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला नवा ट्रॅक्टर दारात आणला. ‘ज्याचा कारखानाच राहिला नाही, तो ट्रॅक्टर घरात कशाला?’ हा त्याचा पहिला मुद्दा होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

आता ट्रॉलीचा हिशेब पाहा, कारण लोक ट्रॅक्टरविषयी भरभरून बोलतात आणि ट्रॉलीविषयी कोणीच बोलत नाही. आमची ट्रॉली दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. ताज्या तोडलेल्या नीलगिरीच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ट्रॉलीच्या फळ्यांइतके, म्हणजे दोन फूट उंच भरले, तर साधारण दोन टन लाकूड बसते. चारी कोपऱ्यांना खुंट ठोकून पाच फुटांपर्यंत रचले, तर तेच पाच टनांवर जाते. वडिलांनी फळ्यांच्या वर कधी ओंडका ठेवू दिला नाही. त्यात त्यांची सावधगिरी होती तितकीच ट्रॅक्टरची मर्यादाही होती, कारण थोडे जास्त भरले की वाटेतल्या पहिल्याच चढणीवर २५११ दम टाकायचा, पुढची चाके हलकी व्हायची, आणि दोन-चार ओंडके खाली उतरवल्याशिवाय तो पुढे जायचा नाही. आम्ही त्याला त्या वेळी नावे ठेवत होतो. तो नकार किती मोलाचा होता, हे २०१७ च्या मे महिन्यात कळले.

त्या दिवशी भावाने नव्या ट्रॅक्टरला तीच ट्रॉली जोडून पाच फुटांची रास रचली आणि चढण दुसऱ्या गिअरमध्ये, धूरही न सोडता पार केली. माथ्यावर त्याने मागे वळून माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर ओढ्याकडे जाणारा उतार लागतो. तो आठ फुटांना एक फूट असा आहे, आणि मे महिन्यात त्यावर बोटभर सुटा मुरूम असतो. उताराच्या मध्यावर ट्रॉलीचा रेटा वाढला, भावाने घाबरून ब्रेकबरोबर क्लचही दाबला, इंजिनाचा होता तेवढा अटकाव सुटला, मागची दोन्ही चाके जागच्या जागी थांबली आणि थांबलेल्या चाकांनिशी ट्रॅक्टर मुरमावरून घसरत निघाला. मी पंचवीस पावले मागे होतो. चाके फिरत नाहीत आणि ट्रॅक्टर मात्र खाली चालला आहे, हे दृश्य पाहताना काही क्षण काय घडते आहे तेच उमगत नाही. शेवटी ट्रॉलीने मागून रेटून ट्रॅक्टर आडवा फिरवला, हुकाची पिन वाकली, ट्रॉली डाव्या चरात कलंडली आणि ट्रॅक्टरचे पुढचे चाक बांधाच्या दगडावर आदळून थांबले. भावाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. ट्रॅक्टरचा पुढचा आस मात्र वाकला.

भाऊ म्हणतो, मुरमामुळे झाले. मी म्हणतो, अश्वशक्तीमुळे झाले. पाच टन लाकूड आणि टनभर लोखंड अशी सहा टनांची ट्रॉली तसल्या उतारावर ट्रॅक्टरला सुमारे पाऊण टनाच्या जोराने मागून ढकलते, शिवाय ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन त्याला खाली ओढतच असते. हा सगळा रेटा मागच्या दोन टायरांनी रोखायचा, आणि तोही सुट्या मुरमावर त्यांना मिळेल तेवढ्याच पकडीने. तिथे इंजिन ५० चे आहे की १०० चे, याचा काडीचाही उपयोग नाही. इंजिनाने रोखायचे म्हटले तरी ते त्याच टायरांमार्फत रोखणार. नव्या ट्रॅक्टरची ताकद जुन्याच्या दुप्पट होती, पण त्याचे वजन काही दुप्पट नव्हते, त्यामुळे चढावर जे सहज ओढता येत होते, ते उतारावर धरून ठेवण्याची त्याची पात्रता नव्हती. जुना ट्रॅक्टर जे रोखू शकणार नाही, ते मुळात वर चढवतच नसे.

नव्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढच्या चाकांनाही इंजिनाशी जोडणारा फोर-व्हीलचा दांडा टाकलेला असता, तर ब्रेक मागच्याच चाकांना असले तरी पुढची चाकेही त्यांच्याशी जोडली जाऊन रोखायला मदतीला आली असती. चढ संपल्यावर भावाने तो दांडा काढून ठेवला होता, कारण त्याने टायर झिजतात असे त्याला कोणी तरी सांगितले होते. ते डांबरी रस्त्यावर खरे आहे. मुरमाच्या उतारावर तो दांडा काढणे हा शुद्ध अविचार आहे.

चरातले ते पाच टन लाकूड दुसऱ्या दिवशी कोणी बाहेर काढले? २५११ ने, तीन खेपांत, शेजाऱ्याची ट्रॉली मागून आणून. मोठे ओंडके साखळीने ओढून वर घ्यावे लागले. साखळी अडकवायची ती खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीलाच, हा वडिलांचा दंडक होता, कारण ती वरच्या लिंकला किंवा आसाच्या वर अडकवली आणि ओंडका मुळाला अडला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे पालथा होतो आणि उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही. हा नियम जुन्या-नव्या दोघांनाही सारखाच लागू आहे, आणि नव्याचा जोर जास्त असल्याने त्याला थोडा अधिकच.

त्यानंतर महिनाभराने मी मुलीकडे पुण्याला गेलो असताना भावाने नव्याच्या पुढच्या आसाचा खर्च भागवण्यासाठी जुना विकून टाकला. मी परत आलो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचा काळा डाग होता आणि वडील आसनावर घालत असत ती गोणपाटाची घडी खुंटीला तशीच अडकवलेली होती. ज्याने लाकूड बाहेर काढले त्याला विकून, ज्याने ते चरात घातले त्याची दुरुस्ती झाली. आपल्याकडेही विक्रेता बदल्यात जी रक्कम सांगतो आहे, ती अशाच एखाद्या दुरुस्तीत संपेल.

जुन्याचे दोष मला ठाऊक नाहीत असे नाही. सुके ब्रेक असलेला ट्रॅक्टर ओढ्यातून निघाला की पुढची काही पावले ब्रेक लागतच नाहीत. तेलातले ब्रेक यात निःसंशय चांगले. स्टिअरिंग फिरवून दंड भरून येतात, साठीनंतर ते माझ्याने झाले नसते. सुटे भाग शोधत फिरावे लागते. उलट ५० अश्वशक्तीपर्यंतचे आजचे नवे ट्रॅक्टरही बहुतेक साध्या डिझेल पंपाचेच असतात आणि गावचा मिस्त्री ते खोलू शकतो. १ जानेवारी २०२३ पासूनचे कडक प्रदूषण-नियम आणि त्याबरोबर आलेले इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण हे ५० च्या वरच्यांना लागू आहे. त्यामुळे नवा म्हणजे संगणकाची भानगड, ही भीती आपल्या बाबतीत तरी बाळगू नका. उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट मात्र जुन्याला नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक नव्यांनाही नसते.

आपल्या रानाची वाट सपाट असेल, तर मी वर लिहिलेले बरेचसे आपल्याला लागू नाही, आणि खेपा वाढवून भाड्याने लाकूड वाहायचा विचार असेल तर २५ अश्वशक्तीत ते परवडणारही नाही. वाट उताराची असेल, तर नव्या ट्रॅक्टरच्या पैशांतला थोडा हिस्सा आधी ट्रॉलीला ब्रेक बसवण्यावर घाला, लाकूड तोडून महिना-दोन महिने जागेवरच वाळू द्या म्हणजे फुकटचे पाणी वाहावे लागणार नाही, आणि उतार लागण्यापूर्वी, माथ्यावरच खालचा गिअर टाकून पुढे क्लचला पाय लावू नका.

आणखी एक गोष्ट भाऊ दर वेळी ऐकवतो, म्हणून मीच लिहून टाकतो. त्या दिवशी ट्रॉली भरणाऱ्यांत मीही होतो, आणि वरचे दोन थर माझ्याच हातचे होते. पुढच्या दिवाळीत त्याने ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतले, आणि तेव्हापासून तो तीन फुटांच्या वर लाकूड रचत नाही. टायर टिकावेत म्हणून, असे त्याचे म्हणणे आहे.