जुन्या जहाजावर पहिल्यांदा जाताना

मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या 'एम्प्रेस'वर जाताय, तर आधी मनातल्या त्या महाकाय नव्या जहाजांच्या जाहिराती पुसून टाका. हे जहाज 1990 चं, फ्रान्समध्ये सॅन नाझेरला बांधलेलं. 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं ते रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीकडे होतं, मध्ये काही वर्षं स्पेनच्या पुलमांतूरकडे, आणि 2021 पासून आपल्याकडे. लांबी साधारण 211 मीटर.

त्या काळी लोक खोलीत फक्त झोपायला जात, म्हणून खोल्या चिंचोळ्या. बाल्कनीवाल्या तर मोजक्याच. मोठ्या कडक बॅगा नेऊ नका. पलंगाखाली सरकेल अशी मऊ बॅग बरी. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागा, तिथं हेलकावे कमी. पुढच्या टोकाची स्वस्तात मिळाली तरी नको.

पहिल्या संध्याकाळी सगळे जेवणाच्या रांगेत असतात, तेव्हा तुम्ही मधल्या उंच दालनात जा. अनेक मजले एकावर एक उघडे. नव्वदीची ऐट अजून तिथं दिसते. मग डेकवर. गोव्याकडे जाताना सूर्यास्त उजव्या बाजूला, हे लक्षात ठेवा.

रंगाचे थर, गंजाचे डाग दिसतील. खाऱ्या हवेत ते व्हायचंच, त्यावरून सुरक्षिततेचा अंदाज बांधू नका. लाइफजॅकेटची कवायत मात्र चुकवू नका. आणि हो, तिकीट काढतानाच बंदर शुल्क, टिप, जीएसटी धरून एकूण किती, ते विचारा. स्वस्ताई तिथंच विरघळते!